टेकवू नये

माझे हात तुम्ही नासवलेत, आणि हात नासके आहेत म्हणून मला नापासही तुम्हीच केलंत. समितीच्या खोलीत लांब टेबलाभोवती जे सहा जण बसता, त्यांच्याशी बोलतोय मी. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकाशी माझं भांडण नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं. निकालाच्या कागदावर त्याच्या बारीक अक्षरात एकच ओळ आहे: 'फटक्याच्या क्षणी शिक्षकाचे शरीर वर उठते, विद्यार्थ्यांमध्येही हाच दोष उतरला आहे.' उतरला आहे, म्हणे. बापाचं नाक पोरांत उतरावं तसा. क्लबच्या मागच्या फाटकाशी, सायकलच्या दांडीला टेकून मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली, तरी ती मला खिशातून वाचता येत होती. एकोणीस वर्षं मी तुमच्या सरावाच्या मैदानावर लोकांना गोल्फ शिकवतोय. आता तुमचा नवा नियम, की ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यानं या महिन्यानंतर शिकवायचं नाही. पण तुमचा लोभ मोठा, मला हाकलणार नाही. मी परत कॅडी व्हायचं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा बॅगा खांद्यावर घ्यायच्या, आणि त्याही कुणाच्या, तर ज्यांना परवापर्यंत 'कोपर आत, कोपर आत' म्हणून दटावत होतो त्यांच्या. त्यांच्या मागून चार पावलं चालायचं आणि त्यांची कोपरं बाहेर गेलेली मुकाट बघायची. हे तुम्ही 'सोय' या शब्दाखाली लिहिलंय.

परीक्षा होती लाकडाची. ज्यानं गोल्फ बघितलेला नाही त्याच्यासाठी सांगतो: लाकूड म्हणजे लांब दांड्याचा, गोळ्यासारख्या डोक्याचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी. डोकं कधीकाळी खरंच लाकडाचं असायचं, आता धातूचं असतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आम्ही कॅडी म्हणायचो, लाकूड आणि साहेब, आतून पोकळ झाले तरी नाव तेच. पहिला फटका खुंटीवर चेंडू ठेवून मारतात. तो कुणीही मारतो. दुसऱ्या फटक्याला माणूस कळतो. चेंडू सपाट गवतात पडलेला, खाली खुंटी नाही, झेंडा दोनशे पावलांच्या पलीकडे, आणि हातात तीन नंबरचं लाकूड. तिथे भल्याभल्यांचे चेंडू उंदरासारखे सरपटत जातात. माझ्या विद्यार्थ्यांचे तर हमखास. परीक्षेला मी आणली होती आमची दातांची डॉक्टरीणबाई. चार वर्षं माझ्याकडे शिकतेय, एकही सकाळ चुकवलेली नाही, तोंडानं फटकळ आणि मनानं सरळ. तिनं सरावाच्या चटया आणि गवत यांच्यामधला दोर ओलांडला, गवतावर उभी राहिली, श्वास घेतला, मारला, आणि उंदीर निघाला. दुसरा मारला, दुसरा उंदीर. "मास्तर," ती म्हणाली, "मांजर आणायला हवं होतं." परीक्षक हसला नाही, हे त्याचं चांगलेपण. मला म्हणाला, "सर, तुम्ही दाखवा." मी दाखवला. चेंडू गवताच्या टोकांवरून अलगद निघाला आणि तारेसारखा सरळ गेला. गवताचं पातं हललं नाही. डॉक्टरीणबाईनं टाळी वाजवली. परीक्षकानं मात्र फोन काढला होता.

त्या फोनच्या काचेत मी मला पहिल्यांदा बघितलं. इतक्या सावकाश चाललेलं स्वतःचं शरीर बघणं वाईट असतं. मेलेल्या माणसाला कुणीतरी दोऱ्यांनी हलवावं तसं दिसतं. हात मागे गेले, खांदे वळले, हात खाली आले, सगळं पाण्यासारखं, आणि चेंडूपासून वीतभर अंतरावर असताना मी उठलो. टाचा सुटल्या, छाती वर आली, अख्खा माणूस बोटभर वर. वजन मागच्या पायावर राहिलं. हातांनी ते सांभाळून घेतलं, चेंडूला बरोबर मध्यावर गाठलं, आणि फटका लागला. मग त्यानं डॉक्टरीणबाई दाखवली. तीही त्याच जागी उठली. मग सकाळी माझे आणखी दोन विद्यार्थी टिपले होते ते दाखवले, एक निवृत्त इंजिनियर आणि एक तरणीताठी बाई. चौघंही अगदी त्याच क्षणी उठतो. एका वर्गातली पोरं. "सर," तो म्हणाला, आणि त्याच्या मनात काही वावगं नव्हतं, "तेव्हा कोण येतं हो?" मला कळलंच नाही. कोण म्हणजे? "म्हणजे कुणीतरी मोठं आल्यासारखे उठता ना सगळे, म्हणून विचारलं. तुमचा जातो, कारण तुमची बोटं जादूची आहेत. यांची नाहीत. यांना सांगा, चेंडू उचलायचा नाही, त्याला उचलायचं काम क्लबच्या तोंडाला असलेल्या उताराचं. वजन पुढच्या पायावर येऊ द्या, खाली राहा, आधी चेंडू आणि मग गवत. खणायचं नाही, नुसतं घासून जायचं. टेकवा ना सर, गवताला टेकवा. गवत काही बोलत नाही."

टेकवा. कुणीतरी थोबाडीत मारावी तसा तो शब्द माझ्या कानात बसला. कारण उलटा शब्द मला पाठ आहे. विसाव्या वर्षी मी छापखान्यातलं काम सोडून तुमच्याकडे कॅडी म्हणून आलो, तेव्हा कॅडींच्या शेडच्या दारावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'कॅडींनी गवतावर क्लब टेकवू नये.' छापखान्यातून आलेला, म्हणून मी आधी अक्षरांचं वळण बघितलं, मग अर्थ. अर्थ दुसऱ्याच दिवशी समजला. खेळायच्या गवतात एके ठिकाणी तळहाताएवढं गवत उखडलेलं सापडलं. तुमचे कप्तान शेडमध्ये आले. हो, तेच, जे आज टेबलाच्या टोकाला बसतात. तेव्हा केस काळे होते. आम्ही बाकावरून उभे राहिलो, उभं राहायचंच असायचं. ते म्हणाले, "क्लब उलटे करा." आमच्याकडे तुमच्या टाकून दिलेल्या, मुठी सोललेल्या काठ्या असायच्या. आम्ही त्या उलट्या धरल्या आणि ते एकेकाचा तळ बघत गेले. ज्याच्या तळाला हिरवा डाग, तो घरी. त्या दिवशी दोघं गेले. त्यांतल्या एकानं तर गवत उखडलं नव्हतं, तो काठीनं नुसता चिखल निपटत होता. पण हिरवं ते हिरवं. तेव्हापासून आम्ही शेडमागे शिकलो. पाण्याच्या पंपापासून कोठाराच्या भिंतीपर्यंत वीस पावलांची पट्टी, खडी घालून रोलर फिरवलेली, दगडासारखी. तिथे चेंडू ठेवायचा आणि लाकूड फिरवायचं. जरा खाली गेलं की खडीवर आपटायचं आणि कळ थेट खांद्यात. आमच्यात एक ढोल्या म्हणून होता, अंगानं दांडगा, त्यानं एकदा जोरात खाली मारलं आणि मनगट असं गेलं की पुढे बॅगेचा बंद त्याला उजव्या हातानं धरता आला नाही. त्या दिवशी कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे शेवटच्या क्षणी उठायला लागलो. खालून खडी, वरून तुम्ही. माणूस मधल्या बोटभर जागेत राहायला शिकतो. शिकतो कसला, त्यातच पटाईत होतो.

मी सर्वांत पटाईत. तुम्हीच नाव ठेवलंत मला, वस्तरा. केस काढतो पण कातडीला लागत नाही, म्हणून वस्तरा. पाहुणे आले की कप्तान व्हरांड्यातून हाक मारायचे, "वस्तऱ्या, ये रे, दाखव." व्हरांड्याच्या फरशीवर वर्तमानपत्राचं पान पसरायचं, पानावर चेंडू, आणि मी तीन नंबरच्या लाकडानं तो असा काढायचो की पान जागचं हलायचं नाही. मग कप्तान ते पान उचलून उजेडात धरायचे, पाहुण्यांना दाखवायचे, फाटलेलं नाही, चुरगळलेलं नाही. टाळ्या. बायका म्हणायच्या, "अय्या!" मी मान खाली घालून हसायचो. काय सांगू, मला आवडायचं. बत्तीस वर्षांचा होतो मी, पाठीला बॅगांनी घट्टे पडले होते, आणि माणसं माझ्या हातांकडे बघत होती. त्या टाळ्यांच्या जिवावर तुम्ही मला शिकवायला लावलंत, दोराच्या अलीकडे, रबरी चटयांवर. चटईवर चूक लपते; क्लब आधी आपटला तरी घसरून चेंडूला लागतो. आणि मी काय शिकवलं माहीत आहे? प्रत्येक तास संपला की विद्यार्थ्याचं लाकूड हातात घ्यायचो, उलटं करायचो, आणि तळ बघायचो. स्वच्छ असला की म्हणायचो, "शाब्बास! एक पातं लागलं नाही." हिरवं दिसलं तर भुवया चढवायचो. माझ्या खिशात त्यासाठी फडकं असतं, आजही आहे. निळ्या पाटीवरचं वाक्य मी एकोणीस वर्षं माझ्या हातांनी लोकांच्या हाडांत भरलं, आणि त्याला तंत्र म्हटलं. खेळाच्या पुस्तकात ज्याला चूक म्हणतात त्याला मी शाब्बास म्हटलं. डॉक्टरीणबाईच्या चार वर्षांच्या सकाळी मी खाल्ल्या. या रागाचं मी काय करू? तुमच्यावर काढला तर त्याचं पातं निखळून पडतं तिथल्या तिथे, पण त्याची मूठ माझ्याच हातात राहते.

घरी आलो तेव्हा बायको खिडकीशी मशीनवर पडदे शिवत होती. तिनं पाय थांबवला नाही. "काय झालं?" म्हणाली. मी कागद पुढे केला. तिनं वाचला, सुई वर घेतली, दोरा तोडला. "एवढी वर्षं लोकांना मारायला शिकवलंत, आणि आज स्वतः मार खाऊन आलात होय!" मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "अहो, पण खोटं लिहिलंय का त्यानं?" हाच प्रश्न नको होता. म्हटलं, "खरं लिहिलंय." "मग झालं की. चूक कळली, दुरुस्त करा. मी नाही शिवण उसवून परत घालत?" "तुझी शिवण तुझ्या हातात असते," मी ओरडलो, "माझी गवतात आहे, आणि गवतावर मला उभं करत नाहीत!" शेजारच्या खोलीत पोरगी अभ्यास करत होती, तिनं दार ओढून घेतलं. बायको म्हणाली, "ओरडायचंच आहे तर तिथे जाऊन ओरडा. या भिंतींनी तुमचं काय घोडं मारलंय?" आणि मशीन सुरू केली. मी पलंगावर बसलो. समोरच्या आरशात बसलेला माणूस दिसत होता. मी उठून बघितलं, मग बसून बघितलं, मग फक्त बोटभर उठलो, टाचा सोडल्या. तेवढंच उठायला मला काही म्हणजे काही कष्ट पडत नाहीत. एखाद्याचा डोळा लवावा तसं ते होतं. तुमच्यासाठी मी बाकावरून हजार वेळा उठलो असेन, पण ते निदान मला माहीत होतं. हे उठणं मला माहीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिथेच गेलो ओरडायला, आणि ओरडलो नाही. चिटणिसांच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहिलो. परीक्षकानं मला महिन्याच्या आत पुन्हा एक संधी दिली होती, त्याच कागदाच्या मागच्या बाजूला: 'गवतावर सराव करून यावे.' म्हटलं, साहेब, दोराच्या पलीकडे सकाळी अर्धा तास सरावाची परवानगी द्या. चिटणिसांनी नियमांची वही उघडली. ते वाईट नाहीत, त्यांना फक्त वहीबाहेरचं दिसत नाही. "गवतावर सराव कोणाला? सभासदांना आणि प्रमाणित शिक्षकांना." "मी प्रमाणित व्हायला म्हणूनच मागतोय." "झालात की लगेच देऊ ना!" ते इतक्या मायेनं म्हणाले की मला त्यांच्या शाईच्या दौतीत त्यांचं नाक बुडवावंसं वाटलं. "म्हणजे पोहता येईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही?" "वस्तरा, तू शब्दात पकडू नकोस बाबा. अर्ज दे, समितीपुढे ठेवतो." समिती कधी बसते? पुढच्या महिन्यात. मी वळलो तर मागे डॉक्टरीणबाई उभी, तिनं सगळं ऐकलेलं. व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली मला. "मास्तर, मी तुमच्यावर चिडलेली नाही," म्हणाली, "पण एक सांगते, आणि सांगायला नको होतं असंही वाटतंय. मी दात उपटते ना, तो वरवर धरला तर तुटतो, खाली मुळापाशी धरावा लागतो. कालपासून मला दिसतंय तुम्ही आम्हाला वरवर धरायला शिकवलंत. ते असो. पण दोन वर्षांपूर्वी चषकाच्या सामन्यांच्या वेळी आत बसायच्या खोलीत कप्तान कुणाला तरी म्हणत होते, वस्तऱ्याकडे शिकलेला समोर आला की मी निवांत असतो. सगळे हसले. मला वाटलं, तुमच्या नावावर काहीतरी विनोद आहे. मी पण हसले, मास्तर." मग तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि तिच्या दवाखान्याची वेळ झाली म्हणून गेली.

निवांत असतो. मी तिथून सरळ चटयांपाशी गेलो, चेंडूंची बादली उचलली, तीन नंबरचं लाकूड घेतलं, आणि दोर ओलांडला. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन, लपूनछपून काही नाही. गवत नुकतंच कापलेलं, बुटाखाली दाट, गादीसारखं दबून परत वर येणारं. एकतीस वर्षं मी या गवताच्या कडेनं चाललोय, त्यावरून बॅगा नेल्यात, तुम्ही उखडलेले तुकडे उचलून परत जागच्या जागी बसवलेत, गुडघे टेकून, वरून पायानं दाबून. सभासदानं उखडलं तर तो खेळ असतो. चेंडू ठेवला. डाव्या टाचेच्या जरा आत. वजन पुढे, खाली राहायचं, आधी चेंडू, मग गवत. फिरवला, आणि उठलो. चेंडू सुंदर गेला. मी शिवी दिली. दुसरा ठेवला, उठलो. तिसरा, उठलो. मी स्वतःला सांगत होतो खाली, खाली, आणि ते शरीर माझं नसल्यासारखं, तुमच्या नोकरीत असल्यासारखं, वेळेवर हजर होऊन उठत होतं. सातव्याला मी दात इतके आवळले की कानशिलं दुखली. आठव्याला मी एकदम थकलो. म्हटलं, मरू दे, लागू दे खडी, जाऊ दे मनगट ढोल्यासारखं. आणि तेव्हा खालून आवाज आला, खस्स, कापडावरून कात्री जावी तसा, आणि चेंडू उठला. मी नाही, चेंडू. तो चढत गेला, चढतच गेला, माझा कुठलाही चेंडू कधी गेला नव्हता इतका वर, आणि झेंड्याच्या पलीकडे मऊ उतरला. हातांना काही लागलंच नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं. इतकं सोपं! अर्ध्या तासात, आठ चेंडूंत, एका सकाळी शिकण्यासारखी गोष्ट, आणि तिच्यावाचून मी अख्खा जन्म दोन्ही हातांनी कसरत करत काढला.

तोपर्यंत कुणीतरी वर्दी दिलेली होती. चिटणीस वही काखोटीला मारून धावत आले, आणि त्यांच्या मागून, सावकाश, पांढरी टोपी घातलेले कप्तान. चिटणीस लांबूनच ओरडत होते, "अरे वस्तरा, काय हे, दोर दिसत नाही का तुला? बाहेर हो आधी!" मी त्यांच्याकडे बघितलं नाही. नववा चेंडू ठेवला आणि मारला. खस्स. चेंडूपुढे कागदाएवढी पातळ गवताची साल निघाली आणि चेंडू उंच गेला. कप्तान थांबले. त्यांची नजर चेंडूबरोबर वर गेली, वरून खाली आली, आणि खेळणाऱ्या माणसाच्या तोंडून निघतं तसं, नियमबियम सगळं विसरून, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हां! आता लागला बघ बरोबर. इतकी वर्षं तू..." आणि त्यांनी तोंड मिटलं. चिटणीस त्यांच्याकडे बघायला लागले. कप्तानांनी टोपी नीट केली. "चिटणीस, यांना समजावून सांगा नियम," म्हणाले, आणि वळले. 'यांना' म्हणाले मला, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "कप्तान, थांबा." ते थांबले नाहीत, पण त्यांचं पाऊल चुकलं, ते मी बघितलं, माणसांची पावलं बघणं हेच माझं काम आहे.

तेव्हा समितीचे सहाही जण ऐका. प्रमाणपत्र द्या नाहीतर देऊ नका, मला चटईवरून उठवा, बॅगा द्या, फाटकाबाहेर काढा, ते तुमच्या वहीत काय बसतं ते बघून घ्या. मी गवतावर उभा आहे आणि चिटणीस मला बाहेर व्हा म्हणतायत, आणि मी होत नाहीये. मला फक्त कप्तानांचं अर्धं राहिलेलं बोलणं हवंय. तुमच्या पाहुण्यांसमोर पान उजेडात धरत होता तेव्हा, तुमच्या बायका नि सासरे माझ्याकडे शिकायला पाठवत होता तेव्हा, आत बसून हसत होता तेव्हा, इतकी वर्षं मी काय करत होतो हे तुम्हाला दिसत होतं ना? मग 'इतकी वर्षं तू...' याच्या पुढे काय? बोला. वाक्य पुरं करा.